१.०३५ वर रुसून बसलेल्या यीस्टला अनावृत पत्र

प्रति,
सेझाँ द्युपाँ घराण्याचे यीस्ट,
सध्या मुक्काम: फर्मेंटरचा तळ

महाशय,

मायन्यात 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती पाळत नाही. नमस्कार पुऱ्या झालेल्या कामाला करायचा असतो, आणि तुम्ही काम अर्धंसुद्धा केलेलं नाही.

पत्र खुलं ठेवलं आहे, कारण तुमचा अपराध एका घरापुरता नाही. घरी बीअर करायला जिथे जिथे कायद्याने मुभा आहे, तिथल्या बेसमेंटमध्ये, गॅरेजमध्ये, अंगणातल्या शेडमध्ये तुम्ही हाच प्रकार करत आला आहात. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ही मुभा मिळाली, ब्रिटनमध्ये ती १९६३ पासून आहे. या देशांत स्थायिक झालेली आणि हौसेने घरी बीअर करणारी मराठी माणसंही तुमच्या तावडीतून सुटलेली नाहीत. शनिवारचा अख्खा दिवस माल्ट भिजवण्यात, गाळण्यात, हॉप्स घालून उकळण्यात घालवायचा, रात्री थंड केलेला गोड वॉर्ट विश्वासाने तुमच्या हवाली करायचा, आणि बुधवारी तुम्ही त्यांना तोंडघशी पाडायचं. हे आता जाहीरपणे बोलायला हवं.

आधी गुन्ह्याचा तपशील, आकड्यांत. सेझाँ या तुमच्या बीअरसाठी वॉर्टची सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, धरू १.०५४; साखर संपत जाते तसा हा आकडा उतरतो. तुमच्याकडून अपेक्षा असते ती १.००४ च्या आसपास उतरण्याची. म्हणजे पन्नास अंकांचं काम. पहिले दोन-तीन दिवस तुमच्यासारखं कर्तबगार कुणी नाही. बारा तासांत फेस, दुसऱ्या दिवशी फेसाचा थर झाकणाला भिडलेला, वायू बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकमधून बुडबुड्यांचा ताशा. ग्रॅव्हिटी झपाट्याने १.०३५ वर येते. आणि तिथे तुम्ही थांबता. पन्नासपैकी एकोणीस अंक खाल्ले, एकतीस तसेच ठेवले. साडेसहा टक्के अल्कोहोलची कोरडी, करकरीत बीअर व्हायची, तिथे अडीच टक्क्यांचं गोडमिट्ट पाणी. आठवडाभराने मोजा, १.०३५. आणखी आठवडा थांबा, कधी कधी तेव्हाही १.०३५.

घराणं मात्र मोठं. बेल्जियमच्या एनो प्रांतात तूर्प नावाचं गाव आहे. तिथल्या शेतावर १८४४ पासून बीअर होते आणि १९२० साली ते शेत द्युपाँ कुटुंबाकडे आलं. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी थंडीत बीअर करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना ती प्यायला द्यायची, ही सेझाँची परंपरा. तहान भागवणारी, जिभेवर गोडवा न ठेवणारी, मिरीसारखी किंचित झणझणीत बीअर. ती झणझण तुमचीच देणगी आहे, हे मी नाकारत नाही. जगभरातले लोक म्हणून तर तुमची मनधरणी करतात. यीस्ट विकणाऱ्या वायीस्ट कंपनीच्या यादीत तुम्ही ३७२४ या क्रमांकाने आहात, व्हाइट लॅब्जच्या यादीत ५६५ या. पण तुमची कीर्ती अशी, की वायीस्टने आपल्या माहितीतच लिहून ठेवलं आहे: हे यीस्ट जोरात सुरुवात करण्यासाठी आणि मग १.०३५ च्या आसपास अडकून बसण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. विकणाऱ्यानेच मालाबद्दल असा इशारा द्यावा, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

तुमचं वागणं मला लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखं दिसतं. वरात वाजतगाजत आणायची, मांडवात रुबाबात शिरायचं आणि ऐन जेवणाच्या वेळी पाटावरून उठून कोपऱ्यात बसायचं. का रुसलात ते सांगायचं नाही. घरच्यांनी एकमेकांवर संशय घ्यायचा.

आणि संशय घेतला जातोच. बीअर अडकली की घरातला माणूस सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. यीस्टचं पाकीट जुनं होतं. वॉर्टला हवा कमी मिळाली. माल्ट भिजवण्याचं, म्हणजे मॅशचं, तापमान चुकलं. पाण्यातच काहीतरी आहे. त्या निरपराधांची सुटका करणं हे या पत्राचं पहिलं काम आहे, कारण फर्मेंटेशन कुठे आणि कसं मंदावलं, यावरूनच गुन्हेगार ओळखता येतो.

सुरुवातच रडतखडत झाली, दोन दिवस फेसच आला नाही, तर संशय यीस्टच्या वयावर आणि संख्येवर घ्यावा. द्रवरूप यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात, आणि १९ लिटर, १.०५४ च्या वॉर्टला एल प्रकारच्या बीअरसाठी सुमारे १९० अब्ज लागतात. पाकीट फ्रिजमध्ये महिनोन्महिने पडून असेल, तर त्यातल्या जिवंत पेशी दर महिन्याला घटत जातात. आदल्या दोन दिवसांत दीड-दोन लिटरचा स्टार्टर करणं हा त्यावरचा उपाय. प्राणवायूचंही तसंच. पेशींची आवरणं लवचीक ठेवणारी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं यीस्टला बनवायची असतात, त्यासाठी अगदी सुरुवातीला लिटरमागे ८ ते १० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही, तर पेशी वाढत नाहीत, आणि शेवटाकडे अल्कोहोल वाढलं की दमतात.

सुरुवात चांगली झाली, ग्रॅव्हिटी सावकाश पण सलग उतरत गेली आणि १.०१८-१.०२० ला थांबली, तर बहुधा मॅशकडे पाहावं. ६९-७० अंश सेल्सिअसवर मॅश केलं, तर यीस्टला सहज न खाता येणारी डेक्स्ट्रिनं जास्त तयार होतात. सेझाँसाठी ६४-६५ अंश आणि सव्वा ते दीड तास, हे बरं. डब्यातलं जुनं माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरलं, तरी असंच वरच्या आकड्यावर थांबणं घडतं.

पण सुरुवात दणक्यात झाली आणि १.०३५ च्या आसपास एकाएकी सगळं ठप्प झालं, तर वरचे सगळे निर्दोष सुटतात. इतकी धडाडी दाखवणारं यीस्ट मेलेलं नव्हतं. वॉर्टमध्ये साखर नाही असंही नाही, अजून माल्टोज भरपूर आहे. मग उरता तुम्ही, आणि तुमच्या हाताशी असलेले दोन साथीदार.

पहिला साथीदार म्हणजे थंडी. साखर खाताना तुम्ही उष्णता सोडता. धुमाकुळाच्या दिवसांत फर्मेंटरचं आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी वर असतं. बेसमेंट १८ अंशांचं असलं, तरी तुमच्यापुरती ऊब तुम्ही स्वतःच निर्माण करता. जोर ओसरला की ती ऊब जाते, तापमान खोलीच्या पातळीला येतं, आणि इतर एल यीस्ट जिथे निमूटपणे उरलेलं काम संपवतील, तिथे तुम्ही तळाशी जाऊन बसता. तूर्पमध्ये तुम्हाला तिशीच्या वर तापमान दिलं जातं, हे सेझाँवर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. वायीस्ट किमान ३२ अंशांची शिफारस करतं. मिनेसोटाच्या जानेवारीत, १८ अंशांच्या बेसमेंटमध्ये, तुमच्याकडून तूर्पच्या उन्हाळ्याची अपेक्षा करणं फोल आहे.

दुसरा साथीदार कार्बन डायऑक्साइड. यीस्टला त्याचा दाब सोसत नाही, ही जुनी माहिती. मोठ्या ब्रुअऱ्या दाब वाढवून यीस्टची वाढ मुद्दाम आटोक्यात ठेवतात. 'एक्स्पेरिमेंटल होमब्रुइंग' या २०१४ च्या पुस्तकाचे एक लेखक ड्र्यू बीचम अनेक वर्षं सांगत आले आहेत, की पहिला आठवडा एअरलॉक काढून ठेवा, फर्मेंटरच्या तोंडावर नुसती निर्जंतुक केलेली अॅल्युमिनियम फॉइल सैल बसवा, म्हणजे हे यीस्ट अडकत नाही. एअरलॉकमधल्या दोन-तीन सेंटिमीटर पाण्याचा दाब तो केवढा, असा आक्षेप त्यावर घेतला जातो, आणि तो वाजवी आहे. पण फॉइलला काही खर्च येत नाही, जोरात वायू बाहेर पडत असेपर्यंत आत काही शिरतही नाही. तुमच्या लहरींपुढे फुकटचा उपाय आधी करावा, एवढा शहाणपणा लोकांनी शिकून घेतला आहे.

खाण्याच्या तुमच्या क्रमाबद्दलही बोललं पाहिजे. वॉर्टमधलं ग्लुकोज तुम्ही आधी संपवता, मग माल्टोज, मग माल्टोट्रायोज. समोर ग्लुकोज असेपर्यंत माल्टोज आत घेण्याची यंत्रणा तुम्ही बंदच ठेवता. सेझाँ कोरडी व्हावी म्हणून लोक वॉर्टमध्ये साखर घालतात आणि ती पहिल्याच दिवशी घातली, तर सोप्या खाण्याची सवय लागून अवघडाकडे वळायला तुम्हाला जड जातं. साखर घालायचीच असेल, तर माल्टोजवरचं काम चालू झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी घालावी.

आता तुमचे खोटे साक्षीदार. त्यांतला सगळ्यांत बोलभांड म्हणजे एअरलॉक. तो वाजला म्हणून फर्मेंटेशन चालू आहे असं नव्हे, खोली तापली तरी विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे येतात. तो गप्प झाला म्हणून फर्मेंटेशन संपलं असंही नव्हे, झाकणाची रबरी रिंग नीट बसली नसेल तर वायू बाजूने निघून जातो. दुसरा साक्षीदार रिफ्रॅक्टोमीटर. उकळताना तो प्रामाणिक असतो, पण अल्कोहोल तयार झालं की खोटं बोलायला लागतो. खरी ग्रॅव्हिटी १.००४ असताना, दुरुस्ती न करता वाचलं तर तो १.०१७ च्या आसपास दाखवतो, आणि तुमच्यावर नाहक आळ येतो. साक्ष हवी ती हायड्रोमीटरची. नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यातला वायू घालवलेला, तापमान उपकरणावर छापलेलं, म्हणजे बऱ्याचदा २० अंश, आणि काचेला चिकटलेले बुडबुडे गिरकी देऊन झटकलेले.

पण तुमचा खरा कपटीपणा याच्या पुढचा आहे, आणि या पत्राचं कारणही तोच. घरी बीअर करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक नियम शिकवला जातो: तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आकडा तोच आला तर फर्मेंटेशन संपलं, बाटल्या भरा. बहुतेक यीस्टच्या बाबतीत हा नियम पुरतो. तुम्ही त्याच नियमाचा आधार घेऊन माणसाला फसवता. तुमचा आकडा आठवडाभर हलत नाही, आणि तरीही काम संपलेलं नसतं. आकडा स्थिर असणं आणि आकडा योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर तुम्ही जिथे लपवता, तिथे बाटल्या फुटतात.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही, हिशेब आहे. बाटलीत ग्रॅव्हिटी एका अंकाने उतरली, की बीअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढतो (बीअरच्या घनफळाइतका वायू म्हणजे एक व्हॉल्यूम). नेहमीच्या बीअरमध्ये अडीच-तीन व्हॉल्यूम असतो, आणि साध्या बाटल्या त्याहून फार जास्तीसाठी बनवलेल्या नसतात. १.०३५ ला भरलेल्या बाटलीत तुम्ही उन्हाळ्यात जागे झालात आणि उरलेले एकतीस अंक खाल्ले, तर पंधरा व्हॉल्यूमचा दाब तयार होतो. तेवढा दाब कुठलीच बीअरची बाटली सहन करत नाही. काचेचे तुकडे उडतात, आणि ते कपाटाजवळ खेळणाऱ्या मुलालाही लागतात. त्यात तुमच्याकडे एसटीए१ नावाचं जनुक आहे. त्याच्या जोरावर तुम्ही इतरांना न पचणारी डेक्स्ट्रिनंही हळूहळू तोडून खाता. म्हणजे आज गप्प बसलेले तुम्ही उद्या सगळ्यांपेक्षा जास्त खाणार. गोडवा राहिला तर ती चवीची चूक झाली असती. फुटणारी बाटली ही सुरक्षेची चूक आहे, आणि तिला माफी नाही.

तुमची समजूत घालण्यासाठी लोक काय काय करतात, तेही ऐका. कुणी फर्मेंटर हलवून त्यात पुन्हा हवा घालतं. अर्धी झालेली बीअर त्या हवेने शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हलवायचंच असेल तर झाकण बंद ठेवून, अलगद गोल फिरवावं, म्हणजे तळाशी बसलेल्या पेशी नुसत्या वर येतील. कुणी शॅंपेनचं यीस्ट घालतं, ते अल्कोहोल सोसतं म्हणून. इथे अल्कोहोल जेमतेम अडीच टक्के, तो प्रश्नच नाही. उलट वाइनची बरीच यीस्ट माल्टोट्रायोज खात नाहीत, आणि शॅंपेनसाठी विकलं जाणारं ईसी-१११८ हे मारक जातीचं आहे, संवेदनशील बीअर यीस्टला ते मारून टाकतं. कुणी कोरड्या यीस्टचं पाकीट वरून भुरभुरतं. थंड, प्राणवायू नसलेल्या बीअरमध्ये त्या बिचाऱ्या पेशी वाढणार कुठून? कुणी वैतागून मोरीत ओततं. ते सगळ्यांत वाईट, कारण ती बीअर नासलेली नसते, अडकलेली असते.

तुमच्यासाठी आता कामाची योजना अशी आहे, आणि ती तुम्हाला विचारून आखलेली नाही.

बीअर करण्याच्या दिवशीच दोन-तीनशे मिलिलिटर वॉर्ट वेगळा काढला जाईल. त्यात भरपूर यीस्ट घालून, तोंडावर फॉइल लावून, तो उबदार जागी ठेवला जाईल आणि अधूनमधून हलवला जाईल. याला फास्ट फर्मेंट टेस्ट म्हणतात. तिथे काही दिवसांतच कळतं, की हा वॉर्ट शेवटी किती खाली उतरू शकतो. त्या आकड्यापुढे तुमची सबब चालणार नाही. छोट्या बाटलीत १.००४ आणि फर्मेंटरमध्ये १.०३५, तर दोष मॅशचा नाही, तुमचाच.

तुम्हाला २० ते २२ अंशांवर वॉर्टमध्ये सोडलं जाईल. एअरलॉकऐवजी फॉइल असेल. पहिल्या दिवसानंतर तापमान रोज दोन-तीन अंशांनी वाढवत ३० ते ३२ वर नेलं जाईल, आणि तुमचा जोर ओसरण्याआधीच ती ऊब बाहेरून पुरवली जाईल. फर्मेंटरला गुंडाळायचा हीट बेल्ट किंवा पाण्याचा टब आणि मत्स्यालयाचा हीटर, दोन्ही चालतात. अट एकच, तापमान नियंत्रक हवा आणि त्याचा सेन्सर फर्मेंटरच्या भिंतीला चिकटवून वरून स्पंज किंवा कापडाने झाकलेला हवा, म्हणजे तो हवेचं नव्हे, बीअरचं तापमान मोजेल.

एवढं करूनही तुम्ही थांबलात, तर आठवडा-दोन आठवडे ऊब तशीच ठेवून वाट पाहिली जाईल. बहुतेक वेळा तुम्ही निमूटपणे पुन्हा कामाला लागता, हे ठाऊक आहे. नाहीच लागलात, तर दुसऱ्या, काम पुरं करणाऱ्या यीस्टचा स्टार्टर केला जाईल. तो ऐन फेसात असताना, उकळत्या उत्साहातच, तुमच्या डोक्यावर ओतला जाईल. फ्रेंच सेझाँ जातीचं यीस्ट हे काम सहज करतं. मिरीची चव तुम्ही पहिल्या काही दिवसांतच दिलेली असते, त्यामुळे बीअर तुमच्या नावाची राहते आणि काम दुसरा करतो. याची तुम्हाला लाज वाटावी.

आणि बाटली? ती तोवर रिकामी राहील. आकडा तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा तोच हवा, आणि तो फास्ट फर्मेंट टेस्टच्या आकड्याच्या एक-दोन अंकांत हवा. दोन्ही अटी एकत्र. एक पुरी झाली म्हणून दुसरी सोडली जाणार नाही.

शेवटचे शब्द तुमच्यासाठी नाहीत, हे पत्र वाचणाऱ्या घरगुती ब्रुअरसाठी आहेत. बंधूंनो, भगिनींनो, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही, तेव्हा तिथल्या वाचकाने हे ज्ञान म्हणून ठेवावं. जिथे मुभा आहे, तिथल्यांनी मात्र अडकलेल्या फर्मेंटरपुढे उभं राहून घाबरू नये आणि घाईही करू नये. झाकण उघडण्याआधी थर्मामीटर पाहा. यीस्ट बदलण्याआधी हायड्रोमीटर पाहा. आणि १.०३५ वर आकडा कितीही दिवस स्थिर राहिला, तरी त्या बीअरची बाटली भरू नका.

कळावे,

तुमच्या ग्रॅव्हिटीवर नजर ठेवून असलेला,
एक घरगुती ब्रुअर